वीसपैकी तेरा

पेण, रविवार, २२ जून १९९७

चि. नम्रता हिस अनेक आशीर्वाद.

पत्र मराठीत बघून तू दचकशील. तू आठवीत माझ्या वर्गात आलीस तेव्हापासून आपल्या घरात दोन नियम होते. मला शाळेत आणि घरीही 'सर' म्हणायचं, म्हणजे बाकीच्या पोरांना वाटायला नको की सरांच्या मुलीचे लाड होतात. आणि मला पत्र लिहायचं ते इंग्रजीत. आज दुसरा नियम मीच मोडतो आहे. इंग्रजीत लिहायला बसलो तर मी वाक्यंच नीट करत बसेन आणि टपाल निघून जाईल.

तुझी आई आजारी आहे. चैत्रापासून पोटात दुखत होतं, तिनं सांगितलं ते ज्येष्ठात. दवाखान्यात चार दिवस ठेवलं, मग डॉक्टर म्हणाले, आता घरीच न्या, खावंसं वाटेल ते द्या. याचा अर्थ काय तो तुला कळेल. तिला अजून खाटेवरून उठून बसता येतं. तांदळाची पेज घेते. रोज सकाळी विचारते, "नमू येनार हाय का?" मी म्हणतो, कळवलंय. आज खरोखरच कळवतो आहे.

पत्ता जगनकडून मिळाला. हमरापूरचा जगन, तुझ्या पुढे दोन वर्षं होता तो. गणपती रंगवतो. त्याच्या मूर्ती आता परदेशी जातात, तेव्हा खोक्यांवर इंग्रजीत काय लिहायचं ते विचारायला माझ्याकडे येतो. रोह्याला मूर्ती पोचवायला गेला होता, तिथं तू त्याला दिसलीस. म्हणाला, "सर, नम्रता बालवाडीत पोरांना इंग्लिश शिकवते. अगदी तुमच्यावानी हाय हो, पट्टी आपटते." तू मुलीला घेऊन वरसे सोडलंस, नवऱ्याचं घर सोडलंस, त्याला दोन वर्षं झाली, हे मला गणपती रंगवणाऱ्याकडून कळावं, याचं वाईट वाटलं. पेण ते रोहा गाडीनं तासाचंही अंतर नाही.

तू माझ्याशी का बोलत नाहीस, ते मला खरंच कळलेलं नाही. चूक दाखवल्याशिवाय गुण कापू नयेत, असं मी नव्या शिक्षकांना सांगत असे. तेव्हा चूक दाखव, किंवा ये. आधी ये.

तुझा पिता,
पुंडलिक कान्हू म्हात्रे
(निवृत्त इंग्रजी शिक्षक)

पेण, रविवार, १३ जुलै १९९७

चि. नम्रता,

तीन आठवडे झाले. उत्तर नाही. पोस्टमन मला लांबूनच हात हलवून 'नाही' म्हणतो, मी काही बोलायच्या आत.

मागच्या पत्रात मी लिहिलं की मला काही कळलेलं नाही. ते पूर्ण खरं नव्हतं. मला तुझा तो निबंध आठवतो.

मार्च ब्याण्णव. तुझ्या लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं. वरसेहून तुझं पाकीट आलं, आत फुलस्केपचं एक पान, वर ठळक मथळा, 'माय न्यू हाऊस'. मी हरखलो. बरोबरच्या पोरी सासरी गेल्यावर पेन धरायचं विसरल्या, आणि माझी मुलगी निबंध लिहून तपासायला पाठवते! तुझ्या आईला म्हटलं, बघ, सवय कशी असते ती. आणि लाल पेन घेऊन बसलो.

'अ' आणि 'द', उपपदं सगळी गाळली होतीस. 'देअर इज कबर्ड इन माय रूम. की ऑफ कबर्ड इज विथ मदर-इन-लॉ. इन आफ्टरनून डोअर इज लॉक्ड फ्रॉम आउटसाइड.' मला राग आला. ज्याच्यासाठी मी आयुष्य घासलं, तेवढंच माझ्या मुलीनं सोडून द्यावं?

माझं ते वेड तुला माहीत आहे. का, ते कधी सांगितलं नाही. छप्पन्न साली मी मुंबईच्या एका शाळेत मुलाखतीला गेलो होतो. मॅट्रिक झालेला आमच्या खाडीपट्टीतला मी पहिला, अंगावर मामाचा कोट. 'आय ॲम सन ऑफ सॉल्ट वर्कर' म्हणालो. समोरचे गृहस्थ हसले आणि म्हणाले, "म्हात्रे, तुमची उपपदं मिठागरातच राहिली वाटतं." बाकीचे तिघेही हसले. आपल्या भाषेत हे शब्दच नाहीत, तर आपल्या माणसाच्या तोंडी ते कुठून येणार? पण त्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या मी ठरवलं, माझ्या हाताखालून जाणाऱ्या एकाही पोराला असं कुणी हसणार नाही. मग एकतीस वर्षं तेच सांगत आलो. माणूस दारात पहिल्यांदा आला की 'अ मॅन', तोच आत येऊन बसला की 'द मॅन'. ओळख झाली की 'द'. आठवीतली ढ पोरंही ते विसरत नसत.

तर मी तुझा निबंध तपासला. 'अ कबर्ड'. 'द की ऑफ द कबर्ड, कारण कपाटाचा उल्लेख आधी येऊन गेला आहे.' 'द डोअर.' आणि माझ्या पद्धतीप्रमाणे दुरुस्त केलेल्या प्रत्येक वाक्याखाली मराठीत अर्थ लिहिला. शाळेत मी ते मुद्दाम करत असे, पोराच्या घरी आईबापाला इंग्रजी येत नसलं तरी आपलं पोर काय लिहितंय ते कळावं म्हणून. खाली गुण, वीसपैकी तेरा. शेरा, 'उपपदांकडे लक्ष दे.' आणि पाकीट तुझ्या वरसेच्या पत्त्यावर परत पाठवून दिलं.

मी उपपदं बघत होतो, नमू. वाक्यं माझ्या नजरेखालून गेली, पण मी उपपदंच बघत होतो. माझी चूक ती एवढीच.

आईचं वजन उतरलं आहे. बांगड्या कोपरापर्यंत जातात. लवकर ये.

पुंडलिक म्हात्रे

पेण, रविवार, १४ सप्टेंबर १९९७

नमू,

तू येऊन गेलीस.

परवा मी डोळे तपासायला अलिबागला गेलो, तो दिवस साधून आलीस. कुणी तुला कळवलं ते विचारत नाही, जगनच असणार. संध्याकाळी घरात आलो तर आईचे केस विंचरलेले, नखं कापलेली, उशाशी मोसंबी. मी म्हटलं, कोण आलं होतं? ती म्हणाली, "माझी पोर आलती." 'माझी' म्हणाली. मुलीला का नाही आणलं विचारलं तर म्हणाली, शाळा होती तिची.

तू तिला सगळं सांगितलंस, आणि तिनं मला. पाकीट वरसेला पोचलं तेव्हा तू विहिरीवर होतीस. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे फोडलं. तोवर इंग्रजी कागद बघून त्या बाजूला टाकत, जावई हितेशराव कंपनीतून आले की विचारत, काय आहे? ते म्हणत, इंग्रजीतलं पत्र आहे, तिचे सर शिकवत असतील काहीतरी. म्हणून तर तू इंग्रजीत लिहीत होतीस. त्या घरात तुझं असं तेवढंच उरलं होतं. आणि या वेळेस खाली माझ्या वळणदार अक्षरात सगळं मराठीत होतं. 'कपाटाची किल्ली सासूबाईंकडे असते.' 'दुपारी दार बाहेरून बंद असते.' हितेशरावांनी ते ओटीवर बसून शेजारपाजारच्या बायकांसमोर मोठ्यानं वाचलं. मग कागद गेला, पेन गेलं. तू पोटुशी होतीस. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, तेही त्यांनी होऊ दिलं नाही. आम्हाला कळवलं, मुलगी झाली, दोघी सुखरूप. पोस्टकार्ड सासऱ्यांच्या हातचं होतं.

आता मी मागच्या पत्रात काय दडवलं ते लिहितो.

तुझ्या निबंधात शेवटी एक वाक्य होतं. 'प्लीज टेक मी होम.' त्या वाक्यात चूक नव्हती. मी त्याच्यावर बरोबरची खूण केली.

आणि पाकीट बंद करायच्या आधी तुझ्या आईनं विचारलं होतं, "काय लिवलंय पोरीनं?" मी खालचं मराठी तिला वाचून दाखवलं. वाचताना माझ्याच कानांवर ते पहिल्यांदा पडलं. तिनं हातातली भाकरी तव्यावर तशीच टाकली. म्हणाली, "अवो, पोर रडतंय कागदात. तुमाला दिसत नाय? जावा नि घेऊन या तिला." मी म्हटलं, तुला इंग्रजीतलं काय कळतं? ती म्हणाली, "हे तर मराठीतच वाचलंव ना?"

मला तेव्हाच सगळं कळलं होतं. पुढच्या महिन्याच्या तीस तारखेला माझा निवृत्तीचा सत्कार होता. पाहुणे ठरले होते, पत्रिका छापल्या होत्या, मानपत्रात 'आदर्श शिक्षक, आदर्श पिता' असं लिहून झालं होतं. त्या मंडपात माझी मुलगी सासर सोडून येऊन बसलेली मला नको होती. म्हटलं, एकदा सत्कार होऊ दे, मग बघू.

आणि आणखी एक. ते मराठी मी खोडू शकलो असतो. मुद्दाम ठेवलं. मला वाटलं, ते वाचतील आणि शरमतील. लाल शाईनं पोरं शरमायची, मोठी माणसंही शरमतील. मला जायची गरज नाही, कागदच बोलेल. आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना पाकीट पेटीत टाकलं.

तुझी आई कालपासून माझ्याशी फार बोलत नाही. आजारामुळे असेल.

तुझा,
पुंडलिक

पेण, रविवार, ३० नोव्हेंबर १९९७

नमू,

तेरा दिवस झाले.

तू आलीस, आईच्या पायाशी बसलीस. मी जवळ आलो तर सगळ्यांसमोर म्हणालीस, "सर, तुम्ही जरा बाजूला व्हा." बायकांना वाटलं, तिला न्हाऊ घालायचंय म्हणून. मी बाजूला झालो. दहाव्याला घाटावर आलीस आणि पिंडाला कावळा शिवला तशी मागच्या मागे निघून गेलीस. मी तुझ्या पाठीकडे बघत राहिलो. हाक मारायला तोंड उघडलं, पण कोण म्हणून हाक मारायची तेच सुचलं नाही.

मागच्या पत्रात लिहिलं होतं, आई आजारामुळे बोलत नाही. तेही खोटंच. आता लपवायचं कुणासाठी?

सत्कार झाल्यावर मे महिन्यात तुझ्या आईनं माझ्यामागे लकडा लावला. तुझ्यासाठी सुक्या बोंबलांची चटणी केली, तांदळाच्या भाकऱ्या बांधल्या, पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तिला आनल्याबिगर येऊ नका." मी निघालो. गाडीत बसलो. वरसेच्या दारात उभं राहून काय बोलायचं, ते वाक्य मनात जुळवत होतो. मराठीत जुळेना, इंग्रजीत जुळेना. तो हितेश काय म्हणेल? 'सर, तुमची मुलगी तुम्ही तपासून दिली होतीत ना?' असंच काहीतरी म्हणेल, असं वाटत राहिलं. कासू आलं. गाडी थांबली. मी उतरलो.

का उतरलो, विचारू नकोस. पाय उतरले. दोन तास तिथल्या बाकावर बसलो. पिशवी भाजीवालीला देऊन टाकली, तिनं आत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "कोनासाठी केलतं वो एवढं?" मग उलट गाडीनं घरी आलो.

आईला सांगितलं, जाऊन आलो. बरी आहे. आता सगळं ठीक आहे तिकडे, मी बोललो त्यांच्याशी. चटणी आवडली तिला.

पाच वर्षं ती हे धरून बसली होती, नमू. तू का येत नाहीस, पत्र का पाठवत नाहीस, याला ती काहीतरी कारणं शोधायची, पण तुझ्या बापानं जाऊन बघितलंय, पोर बरी आहे, याच्यावर तिचा भरवसा होता. सप्टेंबरात तू आलीस तेव्हा तिनं तुला विचारलं, तवा चटणी कशी झालती गो? आणि तू म्हणालीस, कसली चटणी? सर कधी आलेच नाहीत.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा घेताना तिनं मला विचारलं.

"मग त्या दिवशी कुठं गेलताव?"

"कासूला."

"तिथं कोन हाय आपलं?"

मी म्हटलं, कोणी नाही.

तिनं कप खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ती माझ्याशी पाणी द्या, उशी सरकवा, एवढंच बोलली. दोन महिने. मी तिची सेवा केली, ती तिनं करून घेतली. शेवटच्या दिवशी तिनं माझा हात धरला होता, पण ती शुद्धीत नव्हती, तेव्हा तो तिनं कुणाचा म्हणून धरला ते मला माहीत नाही.

मी तुझ्याकडे क्षमा मागत नाही. मागायला आधी तुझ्या दारात यावं लागेल, आणि तो रस्ता मी कासूपर्यंतच ओळखतो.

पुंडलिक

पेण, सोमवार, १२ जानेवारी १९९८

नमू,

काल तुझ्याकडे येऊन गेलो, आणि जे बोलायचं होतं त्यातलं काहीच बोललो नाही. आणि तू आत स्वयंपाकघरात असताना बाहेर काय झालं ते तुला माहीत नाही. म्हणून हे.

कासूला गाडी थांबली तेव्हा मी खिडकीचा गज दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. समोरच्या बाईनं विचारलं, "आजोबा, चक्कर येतेय का?" मी म्हटलं, हो. गाडी सुटल्यावर गज सोडला.

तुझं दार उघडंच होतं. तू मला बघितलंस आणि म्हणालीस, "बसा." इतकंच. खोली छोटी आहे, पण नीटस आहे. दाराला आतून कडी आहे, बाहेरून नाही, ते मी बघितलं. मग मनस्वी आली. पाच वर्षांची झाली आणि मी तिला काल पहिल्यांदा बघितलं. कपाळ तुझ्या आईचं आहे. तिनं तुला विचारलं, "आई, हे कोण?"

तू माझ्याकडे बघितलंस. मग तू म्हणालीस, "सर आहेत. माझे." आणि आत गेलीस.

तू खोटं बोलली नाहीस. दुसरं काही म्हणायला मी तुला कधी जागाच ठेवली नव्हती. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, पण ते तुला सांगून काय उपयोग?

तर मी सर आहे म्हटल्यावर मनस्वी तिची पाटी घेऊन आली. सरांकडे दुसरं काय आणायचं? पाटीवर लिहिलं होतं, 'धिस इज माय हाऊस. आय हॅव कॅट.' अक्षर वळणदार आहे, तुझ्यासारखं. तिनं डबीतून लाल खडू काढून माझ्या हातात दिला आणि समोर मांडी घालून बसली.

एकतीस वर्षांची सवय आहे, नमू. खडू पाटीला टेकला होता. कुठे काय घालायचं ते माझ्या बोटांना माझ्याआधी कळतं. मी खडू जमिनीवर ठेवला.

म्हटलं, "मांजराचं नाव काय?"

ती म्हणाली, "मनी."

"कुठे आहे ती?"

"ती वरश्यालाच रायली. आम्ही इकडं आलो ना, तेव्हा आईनं तिला पिशवीत घातलेली. ती उडी मारून परत गेली."

"मग?"

"मग मी रडले. आई म्हणाली, चल. मग आईपण रडली, गाडीत."

आत भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला. तू ऐकत होतीस की काय, मला माहीत नाही. मनस्वी माझा गुडघा हलवत म्हणाली, "सर, बरोबर आहे का चूक, ते सांगा ना." मी म्हटलं, "ते तुझी आई सांगेल. मला तू मनीचं सांग. रंग कसा होता?" काळी होती, पुढचे दोन पाय पांढरे. दूध नको असायचं, सुकट आवडायची. मधाच्या बाटलीत तोंड अडकलं होतं एकदा. तिनं सगळं सांगितलं आणि मी सगळं ऐकलं. निबंध वाचावा तो असा, हे मला चौसष्टाव्या वर्षी कळलं, आणि ज्या दोघींसाठी कळायला हवं होतं त्यातली एक आता नाही.

मग तू चहा घेऊन आलीस. कप खाली ठेवलास. डोळे लाल होते, कांदा चिरत असशील. म्हणालीस, "साडेचारला गाडी आहे तुम्हाला." मी चहा प्यायलो, चांगला झाला होता, हेही बोललो नाही. आणि उठलो.

दारात मनस्वी माझ्या मागे आली. तू मोरीत कप विसळत होतीस, पाठ माझ्याकडे होती. तिनं मला विचारलं, "सर, तुम्ही परत येणार?"

मी म्हटलं, "आईला विचार."

तिनं विचारलं का?

तुझा,
सर